चोरी मालाची, संशय चालकावर

मालमोटारीतून माल चोरीस गेला की पहिली चौकशी चालकाची होते. भिवंडीच्या गोदामातून निघालेली गाडी मुंबई-आग्रा मार्गावर रात्री जेथे थांबते, तेथे ना उजेड असतो, ना पहारा. थकलेला चालक झोपी गेला की ताडपत्री कापावयास कितीसा वेळ लागणार! १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरविला खरा. परंतु पाचांहून कमी कामगारांच्या धंद्यास तो सरसकट लागू नव्हता, आणि या व्यवसायात भरणा एकदोन गाड्यांच्या मालकांचाच. २००७च्या कायद्याने गहाळ मालाची जबाबदारी वाहतूकदारावर टाकली. ती भरपाई चालकाच्या पगारातून कापली जाऊ नये, आणि पहाऱ्याच्या तळांचा व दुसऱ्या चालकाचा खर्च मालधन्यांनी उचलावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी नाक्यानाक्यावर नेली पाहिजे.