अ‍ॅप बंद पडते, आजार नाही

रक्तातील साखर, रक्तदाब, वजन, गोळ्यांच्या वेळा. या नोंदी आता वहीऐवजी मोबाइलमध्ये ठेवल्या जातात. अर्धापुरात केळीच्या बागेत राबणारा शेतकरी असो की निवृत्त शिक्षक, तपासणीसाठी नांदेडला निघताना फाइल विसरली तरी चालते, फोन मात्र लागतोच. पण एखाद्या दिवशी अपडेटनंतर ते अ‍ॅप उघडतच नाही किंवा ‘ही सेवा बंद होत आहे’ एवढी एक ओळ झळकते. वर्षभराच्या नोंदी मग कोणाकडे मागायच्या?

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. दवाखान्यात एकदाच मोजलेला रक्तदाब फसवा असू शकतो, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा दाब वाढतो. घरी नियमित घेतलेल्या नोंदी पाहूनच गोळीची मात्रा नेमकी ठरवता येते. त्या हरवल्या तर डॉक्टरांना अंदाजावर भागवावे लागते.

बड्या कंपन्यांचा इतिहास आश्वासक नाही. २००८ मध्ये सुरू झालेले ‘गुगल हेल्थ’ १ जानेवारी २०१२ रोजी बंद झाले. मायक्रोसॉफ्टचे ‘हेल्थव्हॉल्ट’ बारा वर्षे चालून नोव्हेंबर २०१९ मध्ये गुंडाळले गेले. २०१४ मध्ये आलेल्या ‘गुगल फिट’ला इतर अ‍ॅप जोडणारी व्यवस्था मोडीत काढण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. अमेरिकेतील ‘सेकंड साइट’चे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. अंधांच्या डोळ्यांत बसवायचे ‘आर्गस’ हे उपकरण कंपनीने थांबवले आणि जगभरातील साडेतीनशेहून अधिक रुग्ण दुरुस्तीविना वाऱ्यावर सुटले. उपकरण डोळ्यात, पण त्याचा वाली कोणी नाही.

सरकारी यंत्रणाही याला अपवाद नाही. अंगणवाडी सेविका मुलांचे वजन-उंची ज्या ‘कॅस’ प्रणालीत भरत होत्या, ती २०२० मध्ये थांबली आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आले. ते इंग्रजीत होते आणि हाती दिलेले फोन जुने, कमी क्षमतेचे होते. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. कुपोषित बाळ वेळेत ओळखणे ज्यांच्या हाती आहे, त्यांचा वेळ अ‍ॅपशी झगडण्यात गेला.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. फुकट अ‍ॅप चालवायलाही पैसा लागतो. सुरक्षेची डागडुजी न होता रेंगाळणारे अ‍ॅप तर बंद अ‍ॅपपेक्षा घातक, कारण त्यातून खासगी माहिती चोरीला जाऊ शकते. म्हणून कोणतेही अ‍ॅप कायम चालवा, अशी मागणी कोणी करणार नाही. मागणी आहे ती नीट निरोप घेण्याची. आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपने किमान सहा महिने आधी, मराठीत, स्पष्ट सूचना द्यावी. सर्व नोंदी एका बटणावर उतरवून घेता याव्यात आणि त्या दुसऱ्या अ‍ॅपला वाचता याव्यात.

कायद्याने हे बंधनकारक करता आले असते. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. आरोग्यापुरता तरी तो परत आणावा.

तोवर काळजी आपणच घ्यायची. महिन्यातून एकदा नोंदींचा स्क्रीनशॉट काढा किंवा छापील प्रत घ्या. आभा क्रमांक असला तरी बेफिकीर राहू नका. त्यात रुग्णालयाने जोडलेली कागदपत्रे दिसतात, पण घरी मोजलेली साखर आपोआप तिथे पोहोचत नाही. आणि दोनशे पानी वही अजूनही स्वस्त आहे. तिला अपडेट लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि ती कधी बंद होणार हे परदेशातली कंपनी ठरवत नाही.