बँक बुडाली तर ५ लाख मिळतात, पतसंस्था बुडाली तर काय?

औरंगपुऱ्यात एका बाजूला जिल्हा परिषद, जवळच सरस्वती भुवन आणि बाकी सगळीकडे दुकानं. अशा बाजारपेठेत संध्याकाळी पिग्मी एजंट फिरतो. रोजच्या गल्ल्यातून शंभर-दोनशे रुपये घेतो आणि पावती देतो. हे पैसे बँकेत जातात की पतसंस्थेत, हे किती दुकानदार विचारतात? एजंट ओळखीचा असतो, व्याज जरा जास्त असतं, तेवढं पुरतं.

पण फरक किती मोठा आहे, हे छत्रपती संभाजीनगरने २०२३ मध्ये जवळजवळ एकाच वेळी दोनदा पाहिलं.

जुलै २०२३ मध्ये शहरातल्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे २०० कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने शहरातल्याच अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले. दोन्हीकडचे ठेवीदार सारखेच होते. निवृत्त कर्मचारी, छोटे व्यापारी, मुलीच्या लग्नासाठी एफडी केलेले आई-बाप. दोघांच्याही हातात पावती होती. पुढची वाट मात्र पार वेगळी निघाली.

बँकेच्या ठेवीदाराचं काय झालं?

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, हा विमा देतं आणि त्याचा हप्ता बँक भरते. १९९३ पासून ही मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. पूर्वी बँकेचं लायसन्स रद्द होईपर्यंत वाट बघावी लागायची. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद आली.

एप्रिल २०२५ मध्ये अजिंठा अर्बनचं लायसन्स रद्द झालं. ९० टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकते, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. कारण बहुतेकांच्या ठेवी ५ लाखांच्या आतच होत्या.

यातही एक मेख आहे. ५ लाखांत व्याज धरलेलं असतं. ठेव ४ लाख ९० हजार आणि व्याज २० हजार असेल, तर वरचे १० हजार विम्याबाहेर जातात. एकाच बँकेच्या औरंगपुरा आणि सिडको अशा दोन शाखांत पैसे विभागले तरी उपयोग नाही, एकाच नावावरचं सगळं एकत्र मोजतात.

आणि पतसंस्थेचा ठेवीदार?

त्याला विमाच नाही. ५ लाख सोडा, ५ रुपयेही नाहीत. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात, त्यांच्यावर नजर राज्याच्या सहकार खात्याची. ‘मल्टिस्टेट’ असेल तर नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार याच गटातले. यांपैकी कुणाच्याही ठेवी डीआयसीजीसीच्या छत्रीखाली येत नाहीत.

मग उरतो १९९९ चा एमपीआयडी कायदा, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा. पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा तपास करते, सरकार मालमत्ता जप्त करतं, सक्षम अधिकारी नेमला जातो. मग विशेष न्यायालयाची मंजुरी, लिलाव आणि त्यानंतर वाटप. मालमत्तेवर आधीच कुणाचा बोजा असेल किंवा कुणी हरकत घेतली, तर गाडी तिथेच अडते. दुसरीकडे कर्जदारांकडून वसुली करायची तर कलम १०१ चे दाखले काढावे लागतात. पण मुळात कर्जच विनातारण किंवा बोगस नावाने दिलं असेल, तर दाखला हातात घेऊन जायचं कुणाकडे? विम्यासारखी ९० दिवसांची मुदत इथे नाही. म्हणून तर सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक शहरात झाली, तेव्हा ‘आदर्श’चे ठेवीदार रस्त्यावर उतरले होते.

सगळ्याच पतसंस्था वाईट नाहीत. बँक ज्याला दारात उभं करत नाही, अशा हातगाडीवाल्याला कर्ज तिथेच मिळतं. पण एक-दोन टक्के जास्तीचं व्याज हे विमा नसल्याची किंमत आहे, हे ठेवीदाराला काउंटरवर सांगितलं जात नाही. सहकार खात्याला खरंच काही करायचं असेल, तर प्रत्येक पावतीवर ‘या ठेवीला विमा नाही’ एवढं ठळक छापणं सक्तीचं करावं. सिगारेटच्या पाकिटावर इशारा चालतो, तर इथे का नको?

तोवर तपासायचं आपणच. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर आहे. पतसंस्थेला नावात ‘बँक’ शब्द वापरता येत नाही, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये याबद्दल पुन्हा बजावलं होतं. पाटीवर फक्त ‘अर्बन’ किंवा ‘मल्टिस्टेट’ दिसलं, तर पावतीवरचं पूर्ण नाव वाचा.

अजिंठा अर्बनमध्ये ज्यांचे ५ लाखांहून जास्त होते, त्यांची वरची रक्कम आता अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून आहे. तेवढ्या पैशांपुरते तेही पतसंस्थेच्या ठेवीदारांसारखेच रांगेत उभे आहेत.