कोणते कपाट, सर?

१२ ऑगस्टला, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला, महाविद्यालयांतून ग्रंथपाल दिन साजरा होतो. तसबिरीला हार, पाहुण्यांना शाल आणि पाहुण्यांच्या तोंडून ग्रंथालयातल्या संगणकाला शिव्या, असा त्याचा क्रम अलीकडे ठरून गेला आहे. यंदाचे पाहुणे निवृत्त प्राध्यापक होते. नाव सांगत नाही, कारण हेच भाषण करणारे दर जिल्ह्यात दहापंधरा तरी निघतील. त्यांचे म्हणणे असे : पुस्तक शोधायचे नसते, ते भेटते. कपाटांमधून हिंडताना हात एका पुस्तकाकडे जातो, निघते शेजारचे, आणि आयुष्य बदलते. संगणकावर टंकावे तेवढेच मिळते, म्हणजे आधीच ठाऊक असलेले. पडद्याला वास नाही. डोळे बिघडतात. मुले उतारेच्या उतारे चोरतात. आणि ग्रंथपाल? तो बिचारा पासवर्ड वाटणारा कारकून झाला. टाळ्या.

कोणते कपाट, सर?

मी ज्या महाविद्यालयांत शिकले आणि जिथे नोकरी केली, तिथे विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाण्याची मुभाच नव्हती. एक खिडकी असायची, खिडकीला जाळी, जाळीला हातभर भोक. चिठ्ठीवर लेखक, पुस्तक आणि दाखल क्रमांक लिहायचा. तो क्रमांक तालिकापत्रांच्या खणांतून काढायचा. त्या खणांतली पत्रे कोणी उपटलेली, कोणी उलटी खोचलेली. चिठ्ठी परिचराच्या हाती जायची, परिचर आत जायचा आणि बऱ्याच वेळाने चिठ्ठीवर ‘नाही’ असा शेरा मारून यायचा. पुस्तक बाहेर गेले आहे, बांधणीला आहे, जागेवर नाही, की तो मागच्या रांगेपर्यंत गेलाच नाही, हे त्या ‘नाही’वरून कळत नसे. पुस्तक असे ‘भेटत’ असेल तर तुरुंगातल्या भेटीसारखे, जाळीपलीकडून आणि पहारेकऱ्याच्या मर्जीने.

हिंडत होते ते सर. त्यांना बाजूच्या लहान दारातून आत जाता येत असे, कारण ते अध्यापक होते. आयुष्य बदलणारे ते शेजारचे पुस्तक पुढे किती वर्षे त्यांच्याच नावावर राहिले, हेही देवघेव नोंदवहीत सापडेल. विभागाच्या कपाटात कुलूपबंद होऊन साठा पडताळणीपुरती बाहेर येणारी पुस्तके प्रत्येक ग्रंथपालाने पाहिली आहेत. आपल्या सवलतीला ‘वाचनसंस्कृती’ म्हणायचे आणि ती सवलत ज्यांना कधी मिळालीच नाही, त्यांच्या हातातला फोन हिसकावायचा, याला काय म्हणावे?

कपाटे बंद का राहिली, हा वाद मी निदान दोन पिढ्यांशी घातला आहे, त्यामुळे इथे जरा वाकडी वाट करते. ‘मुले पुस्तके चोरतात’ हे उत्तर ठरलेले. त्यामागचे खरे कारण म्हणजे पडताळणीत पुस्तक कमी भरले तर किंमत ग्रंथपालाकडून वसूल होईल ही भीती. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतसुद्धा हजार पुस्तकांच्या वापरामागे वर्षाला ५ पुस्तके गहाळ होणे रास्त धरले आहे, फक्त त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसावी. हा नियम दाखवला की संस्थाचालक म्हणत, तो दिल्लीचा, आपला नाही. रंगनाथनांनी १९३१ सालच्या पंचसूत्रांच्या ग्रंथात मुक्तद्वार पद्धतीची तरफदारी केली होती. आपण त्यांच्या तसबिरीला हार घातला आणि दाराला कुलूप. कपाटांचे गोडवे गाणाऱ्या सरांनी सेवेत असताना हे कुलूप काढा म्हणून एक तरी अर्ज दिला होता का?

बरे, कुलूप निघाले असे धरू. मग कपाटात काय दिसते? जे कोणी नेलेले नाही ते. परीक्षेच्या महिन्यात कुठल्याही विषयाच्या रांगेसमोर उभे राहा. चांगले ते सगळे बाहेर आणि उरलेला गाळ जागेवर. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, बाहेर गेलेले पुस्तकही दिसते, ते परत कधी येणार तेही दिसते आणि आपला क्रमांक लावून ठेवता येतो.

शिवाय कपाट दाखवते फक्त पुस्तकाची पाठ. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे घ्या. अनेक महाविद्यालयांत तो वेगळा नसतोच, ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’च्या जाड खंडात असतो. तो खंड कोणी मराठी साहित्यात, म्हणजे ८९१.४६ या वर्गांकाला लावते, तर कोणी ३००च्या सामाजिक शास्त्रांत. शेतीची पुस्तके ६३०ला. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर लिहायला निघालेला मुलगा ६३०च्या रांगेत दिवसभर हिंडला तरी त्याला असूड दिसायचा नाही. एक पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते. तालिकेत मात्र त्याला हव्या तितक्या जागा देता येतात. नोंद करणाऱ्याने मार्क या संगणकीय नोंदपद्धतीच्या ५०५ या रकान्यात खंडाचा अनुक्रम भरला असेल, तर ‘असूड’ टंकताच खंड समोर येतो.

‘टंकावे तेवढेच मिळते’ हा आक्षेप त्यातल्या त्यात दमदार आहे, पण तो ओपॅक एकदाच, तोही दुरून पाहिलेल्या माणसाचा आहे. नोंदीतल्या विषयशीर्षकावर बोट ठेवले की त्या विषयाची सगळी पुस्तके उघडतात. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेल्या आणि आता आपल्याकडेही वापरात असलेल्या कोहा या मुक्त प्रणालीत तर वर्गांकाच्या क्रमाने शेजारची पुस्तके मुखपृष्ठांसह मांडून दाखवायची सोय आहे. सरांचे ते शेजारचे पुस्तक तिथेच आहे, आणि त्यासाठी अध्यापक असावे लागत नाही.

ओपॅक सापडत नाही म्हणतो तेव्हा दोष बहुधा आम्हा ग्रंथपालांच्या जुन्या भांडणांचा असतो, आणि ते सरांना माहीत असते तर त्यांच्या भाषणाला थोडी धार आली असती. संगणक आले तेव्हा आमच्यातल्याच एका गटाने मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत करायचा हट्ट धरला. ‘असूड’ला एक यू लावायचा की दोन ओ, यावर तीन महाविद्यालयांत तीन मते. दुसऱ्या गटाने देवनागरी धरली, पण युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांत; प्रणाली बदलली तेव्हा त्या नोंदींची चिन्हांची खिचडी झाली. आता युनिकोड आहे, तरी ‘असूड’ लिहिणारे आणि ‘आसूड’ लिहिणारे दोघेही आहेत. ‘शेतकऱ्याचा’ मधला तो अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी टंकता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि प्रणालीने दोन्ही एक मानण्याची तजवीज केलेली नसेल तर एका प्रकाराने शोधणाऱ्याला दुसरा सापडत नाही. पर्यायी शीर्षकाचा रकाना याचसाठी असतो. तो भरायला माणूस लागतो आणि माणसाची जागा रिक्त आहे. सरांनी यावर बोलावे, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

वासाबद्दल : तो बुरशीचा असतो. डोळ्यांबद्दल : तालिकेत पुस्तक शोधायला पाच मिनिटे लागतात, वाचायचे ते कागदावरच वाचा. उतारेचोरीबद्दल : कार्बन पेपरच्या काळातले प्रबंध मी चाळले आहेत, इतकेच सांगते.

मग ऑनलाइन साधनांनी होते काय? तालुक्याच्या गावी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी घ्या. शेवटच्या एसटीने ती घरी जाते. ग्रंथालय उघडे असते तेव्हा तिचे तास असतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ऑनलाइन नियतकालिके पुरवणारी एन-लिस्ट योजना २०१०पासून अशाच महाविद्यालयांसाठी आहे. महाविद्यालय सभासद असेल तर ग्रंथपालाकडे नाव आणि ई-मेल दिला की लॉगिन मिळते, आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे लेख रात्री घरी वाचता येतात. त्याच संस्थेच्या शोधगंगेवर ५ लाखांहून जास्त प्रबंध आहेत आणि त्यांना लॉगिनसुद्धा लागत नाही. तिथे प्रबंध वाचायची घाई करू नये. आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडावी. आपल्या विषयावर कोणी काय काय वाचले, ते तिथे आयते मिळते. त्यातली नावे ओपॅकवर घालून पाहावीत. जे आपल्याकडे आहे ते घ्यावे, नाही त्याची खरेदीसाठी मागणी द्यावी. रंगनाथनांचे चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते, हिंडवा असे नव्हे.

हे सारे करायला मुलांना कोणीतरी दाखवावे मात्र लागते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की लॉगिनांची यादी रातोरात तयार होते, समिती गेली की ती फाइलमध्ये जाते. पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ग्रंथालयासाठी वर्षातून एकच तास द्या, असा अर्ज मी केला होता. त्यावर लेखी उत्तर आले, की तास शिल्लक नाहीत. इच्छुक विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत यावे. मधल्या सुट्टीत ग्रंथालय जेवणासाठी बंद असते.