आठ कोटींचं गणित

मुंबई इंडियन्सकडे पैसा कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. घोळ आहे तो पैसा कुठे लावायचा याचा. २०२२ च्या लिलावात यांनी जोफ्रा आर्चरवर ८ कोटी घातले, तेही तो त्या मोसमात खेळणार नाही हे माहीत असताना! आणि २०२० च्या फायनलचा सामनावीर ट्रेंट बोल्ट? तो तेवढ्याच ८ कोटींत राजस्थानला गेला. निकाल काय, तर आपण पहिल्या आठही मॅचेस हरलो आणि तळाला गेलो. राजस्थान फायनलला! २०२३ मध्ये आर्चर जेमतेम ५ मॅचेस खेळला. शेवटी २०२५ साठी बोल्टला परत आणलाच, साडेबारा कोटींना. भविष्याचा विचार जरूर करा हो, पण यंदा नव्या बॉलवर विकेट कोण काढणार, ते आधी ठरवा ना राव!