गावठाणातला दगड हलवण्याआधी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या गावठाणात देवळाचा जीर्णोद्धार निघाला किंवा चाळ पुनर्विकासाला गेली, की पाराजवळचा जुना उभा दगड सर्वांत आधी आडवा होतो. अशी कामे हाती घेणाऱ्या विश्वस्तांना आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना ही विनंती आहे.

तो दगड गधेगळ असू शकतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. शिलाहार-यादवांच्या काळात जमिनीचे वा बागेचे उत्पन्न दान दिले की असा दगड रोवत. चंद्र-सूर्य असेतो दान चालावे, आणि मोडेल त्याच्या आईला खाली कोरलेली शिवी लागावी. अक्षरशत्रूलाही कळेल अशीच शिवी. आज ते चित्र पाहून माणसे ओशाळतात आणि दगड पालथा घालतात. ओशाळण्यासारखे ते आहेच. पण लेखही त्याबरोबर जातो.

त्या लेखात काय असते, हे परळच्या शिलालेखावरून कळेल. शके 1109, म्हणजे इ.स. 1187. राजा अपरादित्य शिलाहार. षट्षष्ठीतल्या, म्हणजे आपल्या साष्टीतल्या, एका गावातील बागेचे 24 द्रम्म (त्या काळचे नाणे) उत्पन्न वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद, आणि शेवटी मराठीत शापवचन. उपनगरांचा इतका जुना हिशेब दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळणार?

दगडाइतकीच त्याची जागा मोलाची. बोरिवलीजवळच्या एकसरचे दगड हे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांची स्मारके, गधेगळ नव्हेत. पण 1882 च्या ठाणे गॅझेटियरने ते तळ्याकाठी आमराईत ओळीने उभे असल्याचे नोंदले, म्हणून त्यांचे मूळ ठिकाण आज सांगता येते.

तेव्हा दगड हलवू नका. शेंदूर लावून पूजा होत असेल तर होऊ द्या. पूजेमुळे कितीतरी दगड वाचले आहेत. ऑइलपेंट मात्र नको. अक्षरे उठावीत म्हणून खडू, तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड तर मुळीच नको. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. झिजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, एक फोटो आसपासच्या परिसरासह घ्या. ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवा. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागालाही कळवा. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील अभ्यासकांनी साष्टीत अशी शोधयात्रा केलेली आहे.

सरकारी मोजणीच्या हद्दीच्या दगडाला तर कायद्याचेच संरक्षण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार त्याची नासधूस दंडाला पात्र ठरते. जुन्या दगडांपैकी बहुतेकांची नोंदच नसल्याने त्यांना असा आधार सहसा नसतो. म्हणून कंत्राटदाराशी करार करतानाच, आवारातला कोणताही कोरीव दगड परवानगीशिवाय हलवायचा नाही, हे कलम लेखी घालून घ्या.