उपचार गावात, कामगार फडावर

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आणि बौद्धही आहेत. त्यांची मजुरी, उचल, मुकादमाची दादागिरी यांवर आपल्या चळवळीत चर्चा होते. आरोग्यावर क्वचितच होते. त्यातही दोन गोष्टींबद्दल कुणी बोलत नाही: पोरींच्या डोक्यातल्या उवा आणि मोठ्यांच्या मनावरचा ताण. पहिली क्षुल्लक वाटते, दुसरी लपवावीशी वाटते. पण या दोन्हींत उपचार अडतो तो एकाच ठिकाणी, असे आमचे म्हणणे आहे.

आधी उवांचे पाहू. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती पसरते. रोज धुतलेल्या केसांतही ती तितक्याच आरामात राहते. डोक्यातली ऊ रोगही पसरवत नाही. टायफससारखा ताप पसरवते ती अंगावरची ऊ. मग त्रास काय? खाज, खाजवून झालेल्या जखमा, मोडलेली झोप आणि सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे लाज. म्हणूनच उवांमुळे मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आपल्याकडे मात्र ‘वस्तीतली पोरं अशीच घाणेरडी’ म्हणून पोरीला वेगळे बसवले जाते. विज्ञान ज्याला केवळ संसर्ग म्हणते, त्यालाच जातीची नजर संस्कार ठरवते.

उपचार साधा आहे. पण पर्मेथ्रिनसारखे नेहमीचे औषध एकदा लावून भागत नाही. लिखांतून नव्या उवा बाहेर येतात, म्हणून साधारण नवव्या दिवशी ते पुन्हा लावावे लागते. कोपीतल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी तपासावी लागतात. टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेलेली असली तर दुसरा हात राहून जातो आणि उवा परत येतात. मग कुणी रॉकेल लावते, कुणी पिकावरचे कीटकनाशक. ते जिवावर बेतू शकते.

मनाच्या आजारातही नेमके हेच होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पुढे कित्येक महिने त्या सोडता येत नाहीत. गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात सुरू झालेली गोळी तीनशे किलोमीटरवरच्या फडावर कुठून आणायची? पहाटेपासून तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, फिटत नसलेली उचल आणि गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली लेकरे हा भार औषधाने हलका होत नाही, हे खरेच. पण म्हणून औषध आणि समुपदेशन नाकारणे हा न्याय नव्हे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. ते 12 राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार सरकारी मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यात जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. राहत्या ठिकाणाजवळ उपचार मिळावेत, हेही त्यात आहे. सहा महिने माणूस जिथे राहतो, ते त्याचे राहते ठिकाण नव्हे काय? 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत हेल्पलाइन सुरू आहे. तिचा उपयोग जरूर आहे, पण फोनवर बोलून गोळ्या हातात पडत नाहीत.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्री कामगाराच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही तिच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली होती. तोच न्याय साखर कारखान्यांना लावला पाहिजे. आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक कामगाराकडे कोणत्याही जिल्ह्यात चालणारे उपचारपत्र असावे. कारखान्याच्या खर्चाने फडावर दर आठवड्याला फिरता दवाखाना यावा. त्यात उवांचे औषध असावे आणि महिन्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्याही मिळाव्यात. हंगामी वसतिगृहांत तपासणी व्हावी, पण कुणा मुलाला परत पाठवू नये.

सरकार हलेपर्यंत आपणही बसून राहायचे कारण नाही. टोळ्या निघण्याआधी विहारात एक दिवस बारीक फणी, औषध आणि माहिती घेऊन बसता येईल. कोण कोणत्या गोळ्या घेते, ते त्याच्या परवानगीने लिहून तो कागद त्याच्याच हाती देता येईल. फडाजवळच्या गावातील कार्यकर्त्यांशी त्याची गाठ घालून देता येईल.

सगळ्यांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण विहारात सांगतो. ते त्या भिक्खूच्या कुटीपर्यंत चालत गेले होते. आपल्याला फडापर्यंत जायचे आहे.

जय भीम!