टाकीवरचा टवका

परवा आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा सकाळपासून गप्प गप्प होता. एरवी मधल्या सुट्टीत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा! जवळ बसवून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, मी बाबांची गाडी खराब केली." त्याचे बाबा मोटारसायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवतात. रविवारी ते झोपलेले असताना यानं भांड्यांची घासणी घेतली आणि टाकीवरचा वाळलेला चिखल खसाखसा घासून काढला. चिखल गेला, पण टाकीची चकाकीही गेली!

चुकलं कुठे? कोथरूडच्या टेकड्या काळ्या बसाल्ट खडकाच्या. रस्त्यावरची खडीही त्याच दगडाची, आणि तिचीच भुकटी धूळ होऊन गाडीवर बसते. हा दगड रंगापेक्षा कितीतरी कठीण. त्या धुळीवर नुसतं कोरडं फडकं फिरवलं, तरी पॉलिश पेपर घासल्यासारखंच की! म्हणून आधी भरपूर पाणी ओतायचं, चिखल भिजून वाहून जाऊ द्यायचा, मग मऊ फडकं घ्यायचं. इंजिन गरम असेल तर थांबायचं, बरं का.

गाडीचा रंग दिसतो एक, पण असतात थर. पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि बहुतेक गाड्यांवर सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. सगळे मिळून जाडी साधारण वहीच्या पानाएवढी! आमच्या मित्राचे ओरखडे वरच्याच थरात होते. गॅरेजवाल्या काकांनी पॉलिश केल्यावर बरेचसे गेले. बाबा रागावले का? थोडेसे. पण पुढच्या रविवारी दोघांनी मिळून गाडी धुतली.

खरा शत्रू निराळाच. चांदणी चौकाच्या उतारावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, टण्णकन गाडीवर आपटतो आणि रंगाचा टवका उडतो. वेग दुप्पट झाला, तर त्या दणक्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणून अशा वाहनाच्या मागे अंतर राखून जावं. डोळ्यांसाठी तर ते हवंच, रंगाचं राहू द्या. आपल्याच गाडीचं पुढचं चाकही खडे मागे फेकतं. ते अडवायला मडगार्डच्या टोकाला रबरी पट्टी लावतात. टाकीच्या बाजूंना गुडघे आणि जॅकेटची चेन घासते, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावता येते. ती स्वच्छ धुतलेल्या जागेवरच लावावी, नाहीतर धूळ आतच अडकते.

टवका ज्वारीच्या दाण्याएवढा असला, तरी तिथला पत्रा उघडा पडतो. हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळालं की लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही खालून उचलतो. मग फुगवटा, मग पोपडे. आमच्या घरच्या जुन्या स्कूटरला पाय ठेवायच्या जागी रबरी चटई होती. तिच्याखाली पावसाचं पाणी साचत राहिलं. चटई उचलली, तेव्हा खालचा रस्ता दिसला!

पालकहो, टवका दिसला की पावसाळ्याची वाट पाहू नका. जागा धुऊन कोरडी करावी, गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरनं काढावा, गंजरोधक अस्तर आणि मग रंग लावावा. हे काम मोठ्यांचं, मोकळ्या हवेतलं. टवका प्लास्टिकच्या भागावर असेल, तर गंजाची धास्ती नाही.

वेताळ टेकडीवर फिरायला जाता ना? तिथे 'एआरएआय' ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. वाहनउद्योगात रंग पारखायची एक पद्धत अशी, की रंगवलेल्या पत्र्यावर मुद्दाम चरा पाडायचा, तो बंद पेटीत ठेवायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचे तुषार सोडायचे. गंज चऱ्यापासून किती दूर पसरला, ते मोजायचं.

घरी छोटासा प्रयोग करा. बिस्किटांच्या पत्र्याच्या जुन्या डब्याचं रंगीत झाकण घ्या. मोठ्या माणसाकडून खिळ्यानं त्यावर दोन खोल चरे पाडून घ्या. एकावर मेण चोळा, दुसरा तसाच ठेवा. रोज सकाळी दोन्हींवर मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाका. आठवडाभर रोज काय दिसतं, ते तारीख घालून वहीत लिहा.